आजोबांची मॉरिस मायनर विकताय? रंगाचं नंतर, आधी हुडाचं पोतं शोधा

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि फोटो मोठे करून करून बघितले. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की देवळाली कॅम्पातल्या जुन्या बंगल्यामागच्या शेडमध्ये आजोबांची १९६० ची मॉरिस मायनर, कापडी हुडवाली, १९९६ पासून उभी आहे. बंगला आता विकायला काढलाय त्यामुळे दिवाळीपर्यंत शेड रिकामी करायचीय, एक जण येऊन बघून गेला आणि ७० हजार रोख देतो, उद्या उचलतो म्हणाला, आणि अंबडच्या एका डेंटिंग-पेंटिंगवाल्याने सांगितलं की ३ लाख घाला, चकाचक करून देतो, मग १२ लाखाला कुठे जात नाही. तर ७० ला देऊन मोकळं व्हायचं की ३ घालून १२ करायचे, हा तुमचा प्रश्न.

मी तीस वर्षं नाशकात जुन्या गाड्यांचंच काम करतोय, विकल्यात, घेतल्यात, उघडल्यात, काही परत कधी जोडता आल्या नाहीत त्याचं वाईट अजून वाटतं. माझं सरळ मत सांगतो, यातलं काहीच आत्ता करू नका. तुमच्यापुढे दोन भाव आलेत पण तुमच्याकडे नेमकं काय आहे हे अजून तुम्हालाच माहिती नाही, आणि समोरच्याला मात्र ते बऱ्यापैकी माहितीय. अडचण इथे आहे. वर दिवाळीची घाई. गाडी अठ्ठावीस-तीस वर्षं उभी आहे, अजून दोन महिने उभी राहिली तर तिचं काही बिघडणार नाही, शेड रिकामी करायची असेल तर गाडी फक्त दुसऱ्या शेडमध्ये हलवा, विकायची घाई शेडमुळे करू नका.

भाव मी फोटोवरून सांगणार नाही. तो खरंच परिस्थितीवर आहे, खालचा पत्रा किती उरलाय, सामान किती पूर्ण आहे, कागद कसे आहेत आणि त्या महिन्यात घेणारा कोण भेटतो, या सगळ्यावर तीच गाडी तीन वेगळ्या भावाला जाते. पण भाव कसा ठरतो ते सांगता येतं आणि ते कळलं की तुम्हीच आकडा काढाल.

सगळ्यात आधी एकच गोष्ट बघायची, ही कारखान्यातूनच कन्व्हर्टिबल, म्हणजे कापडी हुडाची, आली का इथे कुणी पत्र्याचा टप कापलाय. हे विचारलं की लोकांना राग येतो, "आमच्या आजोबांनी नवी घेतलेली" म्हणतात, पण आपल्याकडे लग्नासाठी, शूटिंगसाठी टप कापलेल्या गाड्या इतक्या झाल्यात की मी कुठल्याच हुडाच्या गाडीवर पहिल्या दिवशी विश्वास ठेवत नाही. आणि मायनरच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे कारण मायनरला ट्रकसारखी किंवा जीपसारखी वेगळी चेसिस नाहीच, पत्र्याची बॉडीच सगळा भार उचलते. घरी १५ किलोचा तेलाचा डबा वरून कापून धान्याला वापरतात ना, कापल्यावर तो हातात धरून दाबून बघा, चारही बाजू डुगडुगतात. टप कापलेल्या मायनरचं तेच होतं, मधे झोळ येतो, दारं लागेनाशी होतात, खड्ड्यातून गेली की काच करकरते. ट्रायम्फ हेराल्डचं उलट, तिला खाली वेगळी चेसिस आहे आणि टप बोल्टने बसवलेला असतो, त्यामुळे आपल्याकडच्या मद्रासला बनलेल्या स्टँडर्ड हेराल्डचा टप पान्यांनी उतरवता येतो आणि गाडी तरी चालते. मायनरचं तसं नाही, कारखान्याने कन्व्हर्टिबल बनवताना मुद्दाम जास्तीचा पत्रा घालून ती ताठ केलेली आहे.

तो जास्तीचा पत्रा शोधायचा. टॉर्च घ्या, पुढच्या सीटच्या जागी आडवे पडा आणि डॅशबोर्डच्या खाली दोन्ही टोकांना, दाराच्या पुढच्या खांबाजवळ बघा, तिथे खांबाला आधार देणारा तिरका पत्रा कारखान्यातल्या वेल्डने जोडलेला दिसला पाहिजे. दाराच्या मागचा खांबही भरभक्कम, डबल पत्र्याचा लागतो. कापलेल्या गाडीत एकतर हे काहीच नसतं किंवा कुणीतरी बांधकामाचा अँगल आणून वेल्डिंग मारलेलं असतं, ते डोळ्याला लगेच कळतं. आणि हो, कारखान्याची कन्व्हर्टिबल दोनच दारांची यायची, तुमच्या फोटोत दोनच दारं आहेत, ते चांगलं आहे पण सलून, म्हणजे पक्क्या टपाची गाडीसुद्धा दोन दारांची असायची, त्यामुळे तेवढ्यावर खूश होऊ नका.

दुसरा पुरावा बॉनेटखाली. इंजिनच्या मागच्या फायरवॉलवर छोटी पट्टी आहे, तिच्यावर चेसिस नंबर. तुमच्या गाडीच्या सालात तो नंबर एम ए टी या अक्षरांनी सुरू झाला पाहिजे, एम म्हणजे मॉरिस, ए हा इंजिनच्या साइजचा वर्ग आणि टी म्हणजे टूरर, कन्व्हर्टिबलला कंपनी टूररच म्हणायची. टीच्या जागी एस किंवा २एस असेल तर ती जन्माने सलून. फक्त ती पट्टी तारेच्या ब्रशने घासू नका प्लीज, ओल्या फडक्याने हळू पुसा, अक्षरं गेली की गेली. माझ्या डोळ्यासमोर एका पोराने पॉलिश पेपर मारून दोन आकडे घालवलेत आणि मग आरटीओत इन्स्पेक्टर पेन्सिल छाप घेईना, चार महिने गेले त्यात.

आणि नंबर मिळाला की एक काम पैसे घालून करा, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि दहातले नऊ करत नाहीत. इंग्लंडमध्ये गेडनला ब्रिटिश मोटर म्युझियम आहे, त्यांच्याकडे या जुन्या कारखान्यांची मूळ उत्पादनाची रजिस्टरं जपलेली आहेत. चेसिस नंबर दिला की ते फी घेऊन हेरिटेज सर्टिफिकेट देतात, त्यात गाडी कधी बनली, कुठली बॉडी, मूळ रंग कुठला, कुठे पाठवली, असं जे रजिस्टरात असेल ते येतं. ऑनलाइन अर्ज करता येतो. मुंबई-पुण्याचा जो सिरीयस घेणारा आहे त्याच्यासमोर हा कागद ठेवला की "खरी का कापलेली" ही चर्चाच संपते, आणि तुमच्या डेंटरच्या ३ लाखाच्या रंगापेक्षा हा एक कागद भाव जास्त वर नेतो असा माझा अनुभव आहे.

आता रंगाकडे येतो, कारण तिथेच बहुतेक लोक पैसे घालवतात. ३ लाख घालून १२ लाख, हे गणित मी किमान वीस वेळा ऐकलंय आणि एकदा स्वतः केलंय. धंद्यात नवा होतो, एक मायनर सलून घेतली, वरून ठीक दिसत होती, खालचं नीट न उघडता लांबी (पुट्टी) भरून, घासून, सुंदर क्रीम रंग मारला. मुंबईचा घेणारा आला, साठीचे गृहस्थ होते, नमस्कार केला आणि खिशातून फ्रिजवर लावतात तसला चुंबक काढला, कापडात गुंडाळलेला, रंगाला ओरखडा नको म्हणून. दाराच्या खालच्या कडेला लावला, पडला. मडगार्डच्या चाकावरच्या गोलाईला लावला, पडला. सिलला, म्हणजे दाराखालच्या लांब पट्टीला लावला, पडला. चुंबक लोखंडाला चिकटतो, लांबीला नाही. मग मला म्हणाले, "मालक, रंगवायच्या आधी फोन केला असतात तर मी घेतली असती, आता आत काय आहे ते मला बघायलाच येत नाही." चहा घेतला आणि गेले. त्या गाडीचा नवा रंग मला नंतर स्वतःच्या पैशाने काढावा लागला. तेव्हापासून विकायच्या गाडीवर मी रंग चढवत नाही आणि गिऱ्हाईकालाही चढवू देत नाही.

यामागचं कारण समजून घ्या. रिस्टोर करायला गाडी घेणारा माणूस पत्रा विकत घेत असतो. गंजलेला पत्रा दिसला तर तो हिशोब करतो, इथे एवढं कापायचं, इथे एवढं जोडायचं, आणि भाव देतो. रंगाखाली झाकला असेल तर तो वाईटातलं वाईट धरतो आणि त्यावरही शंकेचे वेगळे पैसे कापतो. म्हणजे तुम्ही ३ लाख घातले तरी त्याच्या लेखी ते शून्य, उलट रंग काढायचा खर्च त्याला वाढला. खरं पूर्ण रिस्टोरेशन करून विकणं ही वेगळी गोष्ट, पण ते ३ लाखात आणि दोन महिन्यात होत नाही. माझ्याकडे हुडाच्या गाडीला दीड-दोन वर्षं लागतात, कारण पत्र्याचं काम उघडेपर्यंत किती आहे कळत नाही, हुडाचा सांगाडा, कापड, कडेची रबरं, क्रोम, सगळं वेगवेगळ्या माणसांकडून करून घ्यावं लागतं. मायनरचं एक बरं आहे की १९४८ ते १९७२ मध्ये सगळ्या प्रकारच्या मिळून १६ लाखांवर बनल्या, त्यामुळे इंग्लंडमध्ये आजही पॅनेल, रबर, ब्रेकचं सामान नवं मिळतं, पण ते मागवायचं भाडं आणि कस्टम ड्युटी धरली की डोळे पांढरे होतात. तुम्हाला गाडी स्वतःकडे ठेवायची असेल, आजोबांची आठवण म्हणून मुलांना घेऊन फिरायचंय, तर जरूर रिस्टोर करा, मी स्वतः मदत करीन. विकण्यासाठी मात्र नको.

मग हात अजिबात लावायचा नाही का, तर लावायचा, पण जिथे पैसे परत येतात तिथेच.

गाडी ढकलता आली पाहिजे. ब्रेक जाम असतील तर सोडवून घ्या, चार जुने टायर चढवा, हवा भरा. ढकलता येणारी गाडी आणि न हलणारी गाडी यात घेणाऱ्याच्या मनात खूप फरक पडतो, त्याला ट्रेलरवर चढवायची असते. उचलताना मात्र सांभाळा, हे फार महत्त्वाचंय. कन्व्हर्टिबलची सिल कुजली असेल आणि तुम्ही एका कोपऱ्याला जॅक लावला तर बॉडी मधून वाकते. दारं नीट बंद करूनच उचला, जॅकवर असताना दार उघडू नका, एकदा बॉडी वाकली तर ते दार परत लागत नाही. क्रेनला हूक लावून दोन चाकांवर ओढत तर अजिबात नेऊ नका. मायनरच्या पुढच्या चाकाची उभी पिन खाली-वर ट्रनियन नावाच्या सांध्यांमध्ये आट्यांवर फिरते, तिला नेमाने ग्रीस लागतं, तुमच्याकडे तीस वर्षं ग्रीस गेलेलं नाही, ओढताना ते आटे सुटले की चाक आडवं पडतं आणि मडगार्ड चेपून टाकतं. सपाट फ्लॅटबेड बोलवा, हजार-दोन हजार जास्त जातील, जाऊ द्या.

इंजिनबद्दल, कुणी मेकॅनिक "बॅटरी लावून मारून बघू" म्हणाला तर त्याला हात लावू देऊ नका. तुमच्या सालात ९४८ सीसीचं इंजिन असायला हवं, दणकट इंजिन आहे, पण इतकी वर्षं उभं म्हटल्यावर रिंगा सिलेंडरला चिकटलेल्या असू शकतात, सेल्फ मारला की मोडतात. शिवाय या गाडीची वायरिंग पॉझिटिव्ह अर्थची आहे, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला, आजच्या पोरांना ते माहिती नसतं, सवयीने उलटी बॅटरी लावतात. चारी प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन-तीन चमचे पातळ ऑइल सोडा, आठवडाभर राहू द्या, रोज थोडं टाका. मग पुढून हँडल घालून हाताने हळू फिरवून बघा, या गाडीला हँडलची सोय आहे. जोर करायचा नाही. फिरलं तर व्हिडिओ काढा, "इंजिन हाताने फिरतं, चालू केलेलं नाही" एवढंच खरं लिहा. नाही फिरलं तर "जाम आहे" लिहा. दोन्हीला गिऱ्हाईक आहे, खोट्याला नाही.

पाण्याने धुवा, आतली माती-उंदरांची घरटी हाताने काढा, हातमोजे घालून, नाकाला रुमाल बांधून. खालून डिझेल किंवा काळं ऑइल मारू नका, पावसाळ्याआधी मारतात तसं, ते मारलं की बघणाऱ्याला वाटतं गंज लपवलाय. तुमची गाडी देवळालीत राहिली हा तिचा मोठा फायदा आहे, इथली हवा कोरडी, त्यासाठीच तर मुंबईचे पारशी लोक देवळालीला सॅनिटोरियम बांधून राहायला यायचे. मुंबईच्या खाऱ्या हवेतल्या गाड्या मी उघडल्यात, हाताने पत्रा तुटतो. पण तुमच्या शेडला फरशी नाही, फोटोत माती दिसतेय, म्हणजे वरून पत्रा बरा असला तरी पोटाखाली पावसाळ्यात ओल बसलेली असणार. पुढच्या सीटच्या खाली, जमिनीच्या पत्र्याला आडवी बीम जाते, पुढच्या सस्पेन्शनचा टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणारी सळई, तिच्यात येऊन अडकतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तिथे ठोकून बघा, टणटण वाजली तर जीव आहे, भद्द आवाज आला किंवा पापुद्रे पडले तर मोठं काम आहे. जे निघेल त्याचा फोटो काढून ठेवा, जाहिरातीत तोही टाका. हो, वाईट फोटोसुद्धा. पुण्याहून चार तास गाडी चालवून आलेल्या माणसाला इथे आल्यावर भोक दिसलं तर तो भोकाचे दुप्पट पैसे कापतो, घरी बसून फोटोत दिसलं असेल तर ते धरूनच तो निघालेला असतो.

आता हुड. तुम्ही एका ओळीत लिहिलंय, "हुडाचं लोखंड कुठेतरी पोत्यात होतं म्हणे, आईला आठवतंय." मला सगळ्यात जास्त काळजी त्या ओळीची वाटली. इंजिन दुसरं मिळतं, दार मिळतं, सीट कुठलाही चांगला कुशनवाला शिवून देतो. हुडाचा सांगाडा, त्या कमानी, त्यांचे सांधे, काचेच्या फ्रेमवर अडकवायच्या पकडी, मागच्या बाजूच्या पट्ट्या, हे भारतात शोधायला गेलं तर वर्ष जातं. मुंबईला ऑपेरा हाऊस, कुर्ला, चोर बाजार सगळीकडे मी फिरलोय, सलूनचं सामान कधीतरी हाती लागतं, टूररचं मला आजवर दोनदा मिळालंय. आणि घर रिकामं करताना भंगारवाल्याकडे पहिलं काय जातं, तर असलं पोतं. गंजलेल्या सळ्या दिसतात, कुणाला वाटतं जुन्या खाटेचं सामान आहे. गंगापूर रोडच्या एका घरी मी पोचलो तेव्हा आदल्या दिवशी माळा साफ झाला होता, मालकीणबाई सांगत होत्या "लोखंड होतं, किलोवर दिलं." द्वारकेपासून भद्रकालीपर्यंत चार भंगारवाल्यांकडे फिरलो, मिळालं नाही. ती गाडी नंतर गेली, पण जेवढ्याला जायला हवी होती त्याच्या अर्ध्याच्या जवळपास. म्हणून शेड, माळा, कॉटखाली, नोकराच्या खोलीत, सगळीकडे बघा, गोल कडा, क्रोमच्या पट्ट्या, एकटा पडलेला दिवा, दाराच्या मागून बाहेर येणारा तो इंडिकेटरचा हात, पान्यांची पिशवी, काहीही निघालं तर गाडीतच ठेवा. तुमच्या सालाच्या गाडीला असे हातवाले इंडिकेटर होते, १९६१ पासून लुकलुकणारे दिवे आले, त्यामुळे ते हात सापडले तर नेमके तुमच्याच गाडीचे.

कागदांचं. इथे तुमची केस थोडी गुंतागुंतीची आहे. आरसी बुक आजोबांच्या नावावर, ते १९९७ ला गेले, नंतर नाव बदललं नाही. वडील आणि दोन आत्या आहेत म्हणता. दादा, गाडी वडिलांच्या ताब्यात असली तरी आत्यांचाही हक्क आहे, हे आधी घरात बसून बोलून घ्या, घेणारा दारात उभा असताना नाही. मी बघितलंय, सौदा ठरला, विसार घेतला आणि मग सातपूरच्या आत्याचा फोन आला की बाबांची गाडी मला न विचारता कशी काय विकली. सौदाही मोडला आणि घरातलं बोलणंही बंद झालं. आत्यांना फोटो पाठवा, भाव आला की सांगणार म्हणून सांगा, त्यांच्या ना-हरकतीच्या सह्या प्रतिज्ञापत्रावर घ्या.

मग मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि फॉर्म ३१ लावून गाडी आधी वडिलांच्या नावावर, त्यानंतर विक्रीला फॉर्म २९ आणि ३०. घेणारा दुसऱ्या राज्यातला असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. आरसी बुक सापडलंच नाही तर फॉर्म २६ वर डुप्लिकेट. तुमचा जुना बीएम सिरीजचा नंबर आहे, एवढ्या जुन्या गाडीची नोंद कॉम्प्युटरवर बहुतेक नसते, ती आधी आरटीओत बॅकलॉग एंट्री करून चढवून घ्यावी लागते, त्याला जुनं बुक किंवा रजिस्टरातली नोंद लागते. त्या काळी टॅक्स वर्षाच्या वर्षाला भरायचे, आजोबांच्या कपाटात टॅक्सच्या पावत्या, विम्याचे जुने कागद, पेट्रोलचं बिल, आजी-आजोबांचा गाडीजवळचा फोटो, जे मिळेल ते एका फाइलीत घाला. घेणाऱ्याला तो फोटो कागदाइतकाच लागतो, एकाच घरात राहिलेली गाडी आहे हे त्यातून दिसतं. इंजिन नंबर बुकातल्याशी जुळतो का तेही बघा, पूर्वी इंजिन बदललं की नोंद करायचा कुणी विचारही करायचं नाही आणि आता तिथेच अडकतं.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे वेगळे नियम काढलेत, ५० वर्षांवरच्या दुचाकी-चारचाकी त्यात येतात, नवीन नोंदणीची फी २० हजार, नोंदणी १० वर्षांची, आणि गाडी रोजच्या वापराला नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरायला असं चालवायची. पण त्यात अट आहे की गाडी मूळ स्वरूपात पाहिजे, चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठे फेरफार नकोत. म्हणजे टप कापलेली असली तर तो रस्ता बंद. बघा, पुन्हा त्या एम ए टी अक्षरांवर येऊन थांबलो. तुमच्या बाजूने सांगायचं तर व्हिंटेज नोंदणी करायची की साधी रिन्यू करायची हे घेणाऱ्यावर सोडा, काहींना गाडी रस्त्यावर नेहमी चालवायची असते. तुम्ही फक्त नाव बदलून, नोंद चढवून कागद सरळ करून ठेवा, तेवढ्याने घेणाऱ्याचे सहा महिने वाचतात आणि तो त्याचे पैसे देतो.

भावाचा माझा ठोकताळा असा. मायनर टूरर चांगल्या चालू हालतीत, कागदांसकट आपल्याकडे कितीला गेली हे दोन-तीन माणसांना विचारा, एखाद्या दलालाला विचारून थांबू नका. मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया आहे, त्यांच्या रॅलीत येणारे मालक मोकळेपणाने बोलतात, हिवाळ्यात रॅली असली तर जाऊन या. त्या आकड्यातून पत्र्याचं काम, हुड, इंजिन, आतलं काम आणि वाहतूक वजा करा, त्यातून अजून पाव हिस्सा न दिसलेल्या कामासाठी काढा, घेणारा तो काढतोच. उरेल तिथून बोलणी सुरू होतात. गाडी खरी टूरर, सांगाडा पूर्ण, कागद सरळ असतील तर ७० हजार हा आकडा त्याच्या आसपासही येणार नाही. कापलेली, पोकळ, बुक हरवलेली असेल तर ७० ठीकच म्हणावा लागेल, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

त्या ७० वाल्याबद्दल एवढंच, उद्याच उचलतो, रोख देतो, बुक लगेच द्या, फॉर्मवर सह्या कोऱ्या करून द्या, असं म्हणत असेल तर सावध राहा. काही लोकांना गाडीपेक्षा बुक आणि नंबर हवा असतो, ते दुसऱ्याच गाडीला लावायला, आणि गाडीचे तुकडे वेगवेगळे विकतात. तो तसा असेलच असं मी म्हणत नाही. पण आरसीवर ज्याचं नाव तोच कायद्याला मालक, उद्या कुठे काही झालं तर पोलीस देवळालीच्या पत्त्यावर येतील. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. एका व्यवहारात २ लाख किंवा त्यावर रोख घ्यायला कायद्याने बंदी आहे, २०१७ पासून, म्हणून बँकेतूनच घ्या. गाडी देताना डिलिव्हरी नोट करा, तारीख आणि वेळ टाकून, घेणाऱ्याच्या आधारची झेरॉक्स जोडून, दोघांच्या सह्या. नाव ट्रान्सफर होईपर्यंत शेवटचे काही पैसे राखून ठेवायला घेणारा म्हणाला तर मान्य करा, तो माणूस बहुधा खरा असतो.

क्रम सांगायचा तर, आधी घरातलं बोलणं आणि सामान शोधणं एकत्रच, मग नंबर आणि खालचा पत्रा बघणं, मग हेरिटेजचा कागद आणि आरटीओचं काम सोबत चालू ठेवणं, आणि जाहिरात सगळ्यात शेवटी. गाडी हलवायला जागा नसेल तर पाथर्डी फाट्याकडे माझ्या ओळखीच्या गोदामात कोरडा कोपरा आहे, महिन्याच्या भाड्यावर मिळेल, वाळलेल्या फळ्या घालून त्यावर उभी करू, माती नको.

या रविवारी सकाळी मी देवळालीला येऊ शकतो, फी वगैरे काही नको, अशी टूरर नाशकात राहिलीय हे ऐकूनच बरं वाटलं. टॉर्च आणि चुंबक मी आणतो, तुम्ही फक्त एक करा, आज संध्याकाळी आईला सोबत घेऊन त्या शेडमध्ये जा, त्यांना जिथे आठवतंय तिथून ते पोतं काढा, आतलं लोखंड जमिनीवर पसरून एक फोटो मला पाठवा आणि मग पोतं घरात, कुलपात ठेवा. मागच्या आठवड्यात शेडमधून भंगारवाल्याला काही दिलं असेल तर तो कोण होता ते आजच विचारा, उद्यावर टाकू नका.